वाटीभर हार्डनर

आमच्या घरात पहिलं रक्त सांडलं ते एका थंड खोलीवरून. ब्राह्मणपुरीच्या आमच्या मळ्यात जाड मातीच्या भिंतींची ती खोली, मे महिन्यात माणूस टेकू शकेल अशी तेवढीच जागा. धाकट्या दिराला तिथे बियाणं ठेवायचं होतं. माझ्या नवऱ्याने तिथे रेझिन आणि हार्डनरचे डबे ठेवले होते.

नवरा विमानं दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि पपईच्या शेडमध्ये दोघांपुरतं लाकडी विमान बांधायला बसला. लाकूड चिकटवायचं ते या दोन डब्यांतल्या मालाने. दोन्ही ठरल्या मापात मिसळलं की दगड होतं. त्याला ऊन चालत नाही, ओल चालत नाही, उघडं झाकण तर मुळीच नाही.

"मन्हं बियाणं उनमा मरी, अन् हाऊ तुन्हा डिंक सावलीमा?" म्हणत दिराने एकदा डबे अंगणात भिरकावले. नवऱ्याने कुदळीचा दांडा उचलला. दिराची भुवई फुटली, नवऱ्याचं बोट मोडलं. मी दोघांवर बादली ओतली आणि दिराला नाही नाही ते बोलले, कारण त्या विमानातली दुसरी जागा माझी होती. तोरणमाळचं पठार वरून बघायचं, एवढंच मी संसारात मागितलं होतं. डबे पुन्हा त्याच खोलीत गेले.

पंख तयार झाले त्या आठवड्यात दिराचा जुना पितळी फवारणीपंप मला बांधावर दिसला. टाकीच्या तळाला मधाच्या रंगाचा गोळा चिकटलेला. खरवडायला गेले तर नखच तुटलं. तो रंग मी चांगला ओळखत होते.

मी दिराची गचांडी धरली. "हाई कोठून आनं?"

"पंप गळी ऱ्हायंता, वहिनी. दोन्ही डबासमाईन वाटी वाटी लिधं."

रेझिनचा डबा पत्र्याचा, आतलं दिसत नाही. हार्डनरचा मात्र पांढरा, आणि दर वापरानंतर नवरा त्यावर पेनाने नवी रेघ मारायचा. माल त्या रेघेखाली उतरलेला मला कधी दिसला नव्हता.

"मंग रेघलगून कसं भरेल व्हतं?"

"एरंडेल टाकी दिधं. सारखंच दिखस." गव्हाला चोळायचं एरंडेल त्याच खोलीत असायचं. "पंख चिकटाडात त्यान्हा पहिले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या कानशिलात ठेवून दिली आणि शेडकडे धावले.

नवऱ्याची एक पद्धत होती. दर मिश्रणातून दोन काड्या चिकटवायच्या आणि वाळल्यावर हातोड्याने फोडायच्या. लाकूड फाटलं तर जोड पक्का. नुसता जोड सुटला तर सगळं काम फेकून द्यायचं. पण पुढे पुढे हात बसला म्हणून तो काड्या न फोडताच खिळ्याला टांगायला लागला. मी पंखाच्या मुख्य दांड्याच्या काड्या काढल्या आणि हातोडा घातला. जोड सुटला. लाकडाला ओरखडाही नव्हता.

एरंडेलाचं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "काड्या खराब निंघन्यात. दांडा पक्का शे."

पण त्याच्या नजरेत मला दिसलं, त्याला कळलं होतं. आपल्या हाताने तोडण्यापेक्षा हा माणूस त्यात बसून मरेल, आणि मलाही शेजारी बसवेल. मला त्याची इतकी चीड आली की कोपऱ्यातली कुऱ्हाड मी उचलली आणि पंखावर घातली. कापड फाटलं, फळ्या उडाल्या, एक ढलपी माझ्या गालात घुसली. मी थांबले नाही. त्याने मला अडवलं नाही.

दांडा चिरला. एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशा सुटल्या, गुळगुळीत, बोटाला तेलकट.

दीर दारात उभा होता. नवऱ्याने त्याला शेडच्या खांबावर आपटलं, तोंडावर बुक्क्या घातल्या. दिराने हात उचलला नाही. नवरा दमला तेव्हा दीर ओठांचं रक्त पुसत खाली बसला, एक पट्टी घेऊन तिच्यावरून बोट फिरवत राहिला.

"तुम्ही दोन्हीजन वर ऱ्हातात ते?" त्याने विचारलं.

तो उठून बाहेर गेला, बांधावरचा पंप आणला आणि हौदाच्या दगडावर आपटायला लागला. ओरडत होता आणि आपटत होता. टाकी चेपली, शिवण उसवली, तळ फाटून लोंबला. तो मधाच्या रंगाचा गोळा मात्र पितळेला तसाच धरून होता.

नवऱ्याने तो तळ उचलला, उजेडात धरला, गोळ्यावर अंगठा दाबून बघितला. मग मटकन खाली बसून तो मोठ्याने रडायला लागला. सगळ्या मळ्यात चांगला निघालेला तो एकच जोड होता.