गाडी नसलेल्यांचं मासिक

आमचं मासिक मोटारगाड्यांचं होतं आणि ते काढणाऱ्या आम्हा दोघांत मिळून एक स्कूटर होती. तीही आडवी केल्याशिवाय सुरू न होणारी. सांगलीत मित्राचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल छापून उरलेल्या वेळात तो संपादक व्हायचा. मी साताऱ्यात नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाड्या चालवून त्यांच्यावर लिहायचो. बायको विचारायची, ह्यातून मिळतं काय? काय मिळणार, डोंबल! हौस होती. आता त्या हौसेचाही कंटाळा आलाय, पण आठवणी पाठ सोडत नाहीत.

कंपन्या आम्हाला कशाला देतायत गाडी? ओळखीपाळखीच्या गाडीवाल्यांच्या मिनतवाऱ्या करायच्या, मग एखादा तयार व्हायचा. तोही शेजारी बसायचा, हात हँडब्रेकवर ठेवून. औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी गच्च भरून चढवायची, ही आमची मुख्य परीक्षा. मालकाची बायको, पोरं, शेजारीपाजारी सगळे कोंबून बसायचे, देवीचं दर्शनही व्हायचं. आणि अंक निघाला की रुसवे सुरू. रहिमतपूरच्या एका डॉक्टरांच्या गाडीबद्दल मी लिहिलं की मागं बसलं की कंबर धरते आणि उतारावर ब्रेक उशिरा लागतो. मी लिहिलं होतं त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांबद्दल. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आपल्या घरच्या गाडीची गावभर बदनामी केली. "आमच्याच घरी पोहे खाऊन गेलात आणि असं लिहिलंत?" असं तोंडावर म्हणाल्या. संपादक हसून हसून बेजार झाला. मला मात्र राग आला होता, अजून येतो.

आमचे पहिले वर्गणीदार म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. कडेगावचे ऊसवाले. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ते अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या टायरच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. गाडी घ्यायची ऐपत होती, इच्छाही होती. पण त्यांचं एकच ठरलेलं. "घीन तर तुज्या सांगन्यावर. तू हो म्हन, दुसऱ्या दिवशी दारात आनतो. तवर ट्रॅक्टर हायच की."

आता मी हो कसं म्हणणार? एका गाडीचं पोट इतकं खाली की उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत ती अडकून बसेल. दुसरी पेट्रोल ढोसायची. तिसरीत दाजींची उंची मावेना. मी दर वेळी सांगायचो, अजून नको दाजी, थांबा थोडं. ते थांबायचे. भरडली जायची माझी बहीण. लग्नकार्याला नटूनथटून ट्रॉलीत बसायची आणि उतरताना पदराला ग्रीस लागलेलं असायचं. "आवं, घ्या की येकादी," ती म्हणायची. "त्येचं तोंड बगून काय भाकरी भाजायची हाय का?" दाजी म्हणायचे, "दम धर. त्येनं अजून सांगितलं न्हाई."

खरं सांगतो, अंक किती खपतो याचं मला कधीच काही वाटलं नाही. आमचं वाचून कुणीतरी एक, अगदी एकच, गाडी घ्यावी एवढीच माझी आस होती. आमचे वाचक म्हणजे एसटीचे कंडक्टर, प्राथमिक शाळेतले मास्तर, कॉलेजची पोरं. कुठल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं, हे त्यांना तोंडपाठ आणि जायचे सायकलवर. त्यांतला कोण घेणार होता गाडी? घेणारे एक दाजीच. त्यांच्या दारात माझ्या शब्दावर गाडी उभी राहिली असती, तर मी म्हटलं असतं, चला, कागद वाया गेला नाही.

मग नव्वद सालानंतर गाड्या यायला लागल्या. आधी एक, मग दोन, मग विचारू नका. आम्ही मालक शोधून, डोंगर चढून, लिहून, छापून काढेपर्यंत ती गाडी सांगलीच्या गल्लीगल्लीत फिरत असायची. स्टँडवरच्या स्टॉलवर मुंबईची गुळगुळीत इंग्रजी मासिकं लटकायला लागली. आमचा अंक त्यांच्या मागं, पंचांगाच्या शेजारी. शोरूमवाले फुकट वाटायचे त्या माहितीपत्रकाचा कागद आमच्या मुखपृष्ठापेक्षा जाड होता हो! केबलवर गाड्यांचे कार्यक्रम सुरू झाले. वर्गणीदार गळत गेले, कुणी भांडून नाही, नुसतेच गेले. एका अंकात संपादकानं छापलं, "पुढील अंकास विलंब होईल, क्षमस्व." तो विलंब अजून चालूच आहे. बंद झालं असं आम्ही कुणाला सांगितलंच नाही. मी त्याला म्हटलं, चार ओळी तरी छापूया. तो म्हणाला, "कोण वाचणार आहे?" तेव्हा दाजींचं नाव माझ्या तोंडात आलं नाही.

पुढं एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाच्यांचा फोन आला. मामा, सांगलीला या, गाडी बघायचीय. गेलो. चकचकीत शोरूम, काचेमागं लाल गाडी, दोन्ही भाचे तिच्याभोवती घिरट्या घालतायत, बहीण खुर्चीवर नवी साडी सावरून बसलेली. दाजी मात्र दारातच उभे, पायताणं बाहेर काढून. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला कसंतरीच झालं.

"ह्यो आला बगा. आता ह्यो म्हनंल ती," ते विक्रेत्याला म्हणाले. मग मला, "पोरं ही लाल म्हंत्यात. तू काय म्हंतोस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसती मान हलवायची होती. दाजींचं थांबणं सार्थकी लागलं असतं, आणि माझीही एक गाडी झाली असती. पण न चालवलेल्या गाडीबद्दल आम्ही एक ओळ कधी छापली नव्हती, आणि नेमकं दाजींनाच काय म्हणून थापा मारायच्या?

"दाजी, मी ही चालवलेली नाही."

"मग चालीव की! कोन आडवतंय?"

विक्रेता म्हणाला, चालवून बघायची गाडी मिरजेला गेलीय, आणि उद्याच्या मुहूर्तासाठी आत्ताच नाव घालायला हवं. धाकटा भाचा वैतागला. "मामा, आता सगळ्या चांगल्याच आस्त्यात. चालवून काय बगायचं?" खोटं नव्हतं त्याचं, म्हणून जास्त झोंबलं.

"बगून तरी सांग," दाजी म्हणाले. "तुला बगून कळत आसंल."

"नाही कळत, दाजी. मासिक थांबल्यापासून मी एकही नवी गाडी हातात घेतलेली नाही. मला माहीत नाही."

दाजी पोरांना म्हणाले, "घ्या मग तुमच्या मनानं." पोरं आत पळाली. बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. तिची ट्रॉली एकदाची सुटली, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला.

दाजी बाहेर येऊन पायताणं घालत होते. मी शेजारी उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, रंग चांगला आहे. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही.

"आरं, बंद करनार हुतास तर आदी मला सांगायचंस तरी," ते म्हणाले. "तू म्हनला आस्तास ती, कंची बी, घेतली आस्ती मी."