वरून लावलेली कडी

भूतखेत, भानामती, अंगात येणं — या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, भर बाजारात उभा राहून वाटली आहेत. तेव्हा पुढचं वाचून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

लढाईचे दिवस होते. सांगलीजवळच्या आमच्या गावात मी तरुण मंडळासाठी नाटक लिहीत होतो... ताऱ्यांकडे निघालेल्या आकाशनौकेचं. तिची यंत्रं मला शिकवली माझा मित्र शिरपाने. तो पलटणी नेणाऱ्या बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. रजेवर आला तेव्हा बॉयलर, वाफेचा दाब, कप्तान वरून इंजिनखोलीशी बोलतो ती बोलनळी — सगळं त्याने मातीत रेघा ओढून दाखवलं.

"आणि बोटीत पाणी शिरलं तर?"

"इंजिनखोलीच्या झाकणाला वरनं कडी लावत्यात. न्हाईतर समदी बोट जाईल."

"आणि खालची माणसं?"

"खालची खालीच."

माझं डोकं फिरलं. "माझ्या नौकेत कडी आतून!"

"मग बुडंल की रं तुजी नाव, गड्या!"

"आकाशात कसली बुडतेय?"

तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सांगलीहून गाडीने गेला.

तालमीसाठी शिरपाच्या वडिलांनी, बापूंनी, हंगाम संपलेलं गुऱ्हाळ दिलं. चरकापासून हौदापर्यंत रस नेणारी लोखंडी नळी — तीच आमची बोलनळी. एका दुपारी, मंडळी यायच्या आधी, मी चरकाशी नळीला तोंड लावून कप्तानाचं वाक्य म्हणून पाहिलं, मग कान लावला.

"यंत्रघर, दाब किती?"

नळी कानाशी गरम झाली.

"लय वाढलाय. आमी समदी खालीच हाय... कडी वरनं लागलीय."

नाटकात असं वाक्यच नाही! कुणाची तरी चेष्टा समजून मी हौदाकडे धावलो. हौद कोरडा, रिकामा. नळीचं तोंड उंदीर शिरू नयेत म्हणून गोणपाटाने घट्ट बुजवलेलं. वळून पाहतो तर चरकाशी बापू, नळीला कान लावून.

"शिरपाच हाय ह्यो."

"अहो बापू, भास असेल —"

"आसू दे भास. तू कप्तान न्हवं? कडी काढली म्हन त्येला."

खोटं बोलायचं नाही, हा माझा बाणा. तरी मी नळीत ओरडलो, "कडी काढलीय! वर या सगळे!"

लोखंडी जिन्यावरून खूप पावलं चढत गेली... मग नळी गार पडली.

पुढे कळलं — बोट बुडाली, शिरपा बेपत्ता. कधी, कशी, खालच्यांचं काय झालं — विचारलं तर सरकार गप्प.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पत्रकं मी अजून लिहितो. भुतांविरुद्ध लिहितो, वरून कडी लावणाऱ्यांविरुद्ध त्याहून जास्त. बापू मात्र त्या दिवसापासून घराच्या दाराला कडी लावत नाहीत.