दाराशी आलेला वास

आज दुपारी दारातून उकडलेल्या हळदीचा वास आला आणि सेनगावजवळची अंध मुलींची निवासी शाळा आठवली.

मी तिथं नवी शिक्षिका होते. जेवण वाढणाऱ्या गंगामावशी घरी हळद शिजवून यायच्या. मुली त्यांना वासावरूनच ओळखायच्या आणि त्या आल्याशिवाय जेवायच्या नाहीत.

एका सकाळी मावशी वारल्याची खबर आली. ती सांगायला मी पंगतीसमोर उभी राहिले, तोच सगळ्या मुलींचे चेहरे एकदम रिकाम्या दाराकडे वळले.

"मावशी आली, बाई," मंगल म्हणाली. "हळदीचा वास येऊन राहिला."

मला कसलाच वास आला नाही. मुली मात्र निवांत जेवू लागल्या.

आता माझीही नजर गेली आहे. हळद शिजते उन्हाळ्याच्या तोंडावर; श्रावणात कोण शिजवतं? सून म्हणते, "आई, दारात कुणी न्हाई." पण वास उंबरा ओलांडून माझ्याजवळ येऊन थांबला आहे.