खुर्च्या तिकडे, कुत्रा इकडे

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामगार कायद्याचे काम पाहून निवृत्त झाल्यावर मी फ्रेंच शिकू लागलो, ते माझ्या नातीसाठी. ती फ्रान्समध्ये जन्मली, तिची आई तिकडचीच, आणि माझ्या चिरंजीवांनी तिला मराठीचा एक शब्दही शिकवला नाही. या हलगर्जीपणाबद्दल त्यांना पाठवलेली माझी नोटीस अद्याप अनुत्तरित आहे. दर रविवारी फोनवर ती भरभरून बोले आणि मी नुसता 'हं' म्हणे.

वर्ग वेरूळ-अजिंठा दाखवणाऱ्या मार्गदर्शकांसाठी होता, पण फी भरेल त्याला घेत. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे वाट. शिकवणाऱ्या बाईंनी त्या रीतीलाच कामाला लावले. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. वस्तू पुल्लिंगी तरी, नाहीतर स्त्रीलिंगी. तेव्हा शब्द ज्या लिंगाचा, वस्तू त्या बाजूला, असे त्यांनी फर्मावले. पंखा, पुस्तके आणि सतरंजी आमच्याकडे आली. टेबल, खिडकी, दार आणि झाडून सगळ्या खुर्च्या तिकडे गेल्या. बाहेर जायचे तरी आम्ही बायकांकडे दार मागायचे.

तरुणांनी सतरंजीवर मांडी ठोकली. माझा गुडघा वाकत नाही. असे वाटप नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, अशी लेखी हरकत मी त्याच दिवशी दाखल केली. बाईंनी ती वाचून घडी घातली. "नियम सर्वांना सारखा."

तेव्हा पलीकडून शहागंजातली एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "चाचा, कुर्सी हमारी है ना? फिर हम जिसको चाहे बिठाते. आओ इधर."

"जा की आबा!" पिशोरचा एक गडी ओरडला. "पर पंखा आमचा हाय, तिकडं लई उकडंल!"

मी गेलो. तोच बाईंनी पोटनियम काढला: ज्याने त्याने आपल्या बाजूचेच शब्द घोकायचे. फ्रेंचमध्ये चंद्र आणि चमचा स्त्रीलिंगी, म्हणून दिवाळीपर्यंत मला चंद्र आला, सूर्य आला नाही. चमचा आला, पाव आला नाही. शब्दकोशात चोरून पाहणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते.

मग एका रविवारी नात फोनवर रडत होती. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिचा कुत्रा हरवलाय. काहीतरी बोला ना तिच्याशी."

माझ्याकडे कुत्रा नव्हता. मी तिला फ्रेंचमध्ये 'खिडकी' म्हणालो. रडणे थांबवून तिने विचारले, "खिडकी?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून कुत्रा मागितला.

"कुत्रा पुरुषांकडे," बाई म्हणाल्या.

"एका शब्दापुरती सवलत द्या."

"बाजू बदला."

मी खुर्ची सोडली. पिशोरच्या गड्याने आणि आणखी एकाने काखेत हात घालून मला सतरंजीवर उतरवले. "सावकाश, आबा. व्हय, आता टेका भिंतीला. भिंत आपलीच हाय."

पलीकडून आवाज आला, "चाचा, बाहर जाने को दरवाजा लगा तो बोलना!"

पुढच्या रविवारी मी नातीला 'कुत्रा?' एवढेच विचारले. तिने लांबलचक हकिकत सांगितली. त्यातले मला दोनच शब्द समजले, कुत्रा आणि खिडकी, आणि शेवटी मागे भुंकणे ऐकू आले.

मी अजून सतरंजीवरच बसतो. उठवायला दोघे लागतात. हरकत मी मागे घेतलेली नाही.