आईची मोरपंखी, बाबांची डाळिंबी

आमच्या घरात गेली पन्नास वर्षं एकच भांडण चालू आहे आणि ते मिटवायचा प्रयत्न आजवर फक्त एका मूर्खाने केला. तो मूर्ख मी.

भांडण एका साडीवरून आहे. साडी आईची नाही, शेजारणीची नाही. एका जुन्या कृष्णधवल सिनेमातल्या नायिकेची आहे! विनोदी प्रेमकथा. नायक कुणाची तरी राहिलेली छत्री परत करायला एका घरी जातो, घरातले त्याला नाडी बघायला आलेला वैद्य समजतात, आणि समोर नायिका दिसल्यावर हा पठ्ठ्या 'मी वैद्य नाही' हे सांगायचंच विसरतो. पुढे अख्खा सिनेमाभर तो नायिकेच्या बापाला गुळाचं पाणी काढा म्हणून पाजतो आणि बाप ठणठणीत बरा होतो. (नायिकेला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. बायकांना असतंच.)

साखरपुडा झाल्यावर आईबाबांनी हा सिनेमा अंबरनाथच्या टॉकीजमध्ये पाहिला. दोघांनी, म्हणजे तिघांनी. मधल्या खुर्चीवर बाबांची धाकटी बहीण, आमची आत्या, बंदोबस्ताला! सिनेमा सुटल्यावर आईने आत्याच्या कानात सांगितलं, "त्या झाडामागच्या गाण्यात तिची साडी आहे ना, लग्नाचा शालू तस्सा हवा." रंग सांगितला नाही. सांगायचा कशाला? दिसत होता की! आत्याने निरोप बाबांना पोचवला. रंग त्यांनाही दिसला होता. लग्नाचा बस्ता बांधायला ते वडीलधाऱ्यांबरोबर बदलापूरहून कल्याणला गेले आणि चार दुकानं पालथी घालून, हट्टाने, अगदी तस्सा शालू घेऊन आले. डाळिंबी.

आईने घडी उलगडली आणि म्हणाली, "पण ती तर मोरपंखी होती!"

तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. सिनेमा टीव्हीवर लागला की आई म्हणणार, "बघा, मोरपंखी." बाबा म्हणणार, "अगं, डोळे तपासून घे, डाळिंबी." पडद्यावर साडी राखाडी असते, हे सांगण्याची हिंमत आमच्यात कुणाचीच झाली नाही.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आम्ही विचारलं, काय करू या? आई म्हणाली, "काही नको रे. केक नको, हार नको. कात्रपच्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये तो सिनेमा लावा आणि सगळे मिळून बघू. एवढीच माझी हौस." माझी बायको सुषमा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. जमेल ना?"

पहिल्या दोन गोष्टी मला नक्की जमल्या असत्या.

पण हल्ली जुन्या फोटोंना रंग देतात, ते मी मोबाइलवर पाहिलं होतं. मग सिनेमाला का नाही? मी गुपचूप उल्हासनगर गाठलं. तिथे गोपभाई नावाचे एक सिंधी गृहस्थ लग्नाचे व्हिडिओ मिक्स करतात. नवरा-नवरीला ढगात उडवणं, त्यांच्यामागे धबधबा सोडणं, ही त्यांची खासियत. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, पाच मिनिटं सिनेमा बघितला, खो खो हसले आणि म्हणाले, "साईं, इतना मस्त पिक्चर आहे. असाच राहू दे ना!"

"नाही, कलर पाहिजे. सरप्राइज आहे."

"बाकी सब कॉम्प्युटर अपने मन से रंगवणार. वो गाने का साडी मी हाताने करून देतो. बोलो, कौनसा कलर?"

आता आली का पंचाईत! मोरपंखी म्हणावं तर बाबा ऐन सोहळ्यात हरणार. डाळिंबी म्हणावं तर आई. मी खुर्चीत बसून खूप विचार केला (इथेच कुणीतरी मला उचलून बाहेर न्यायला हवं होतं) आणि म्हणालो, "दोन्ही टाका! पहिल्या कडव्यात मोरपंखी, दुसऱ्यात डाळिंबी."

"साईं, बाई एक, झाड एक. साडी कधी बदलली?"

"सिनेमात बदलतात हो!"

गोपभाईंनी वहीत दोन्ही रंग लिहून घेतले. "ठीक है. पिक्चर तुमचा, घर पण तुमचं."

रविवारी दुपारी चार वाजता हॉल भरला. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, शेजारी बाबा, आणि दोघांच्या मध्ये जुन्या सवयीने आत्या! मी छोटंसं भाषणही ठोकलं: "आज आईबाबांना अशी भेट देणार आहे की पन्नास वर्षांचा प्रश्न मिटेल!" टाळ्या पडल्या. सुषमाने मात्र टाळी वाजवली नाही. तिला माझा आवाज ओळखीचा आहे.

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सिनेमा सुरू झाला आणि नायक छत्री घेऊन आला. पिवळाधमक!

"अगं बाई," आत्या म्हणाली, "याला कावीळ झालीय का? हा कुणाची नाडी बघणार? आधी स्वतःला दाखव म्हणावं!"

लोक हसले. मीही हसलो, पण माझं हसू जरा आत गेलं. कारण पाठोपाठ नायिकेचा बाप आला. तो बसला की त्याचं धोतर पांढरं, उठला की गुलाबी. गुळाचं पाणी निळं दिसत होतं. दारातली गाय हिरवी. ज्या प्रसंगांना आम्ही लहानपणापासून लोळून हसत आलो, तिथे कुणी हसेना. लोक गाय बघत होते!

"मिलिंद," आई हळूच म्हणाली, "आपला सिनेमा असा नाहीये रे."

"थांब गं, गाणं येऊ दे!"

गाणं आलं. नायिका झाडामागून डोकावली. लख्ख मोरपंखी! आई टुणकन उठली. "पाहिलंत? पाहिलंत का? मी काय म्हणत होते?" बायकांनी टाळ्या पिटल्या. बाबांचा चेहरा एवढासा झाला. पन्नास वर्षं डाळिंबीवर ठाम राहिलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "म्हणजे मी तुला भलताच शालू नेसवला." आणि पाणी प्यायला म्हणून उठायला लागले.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "बाबा, बसा! दुसरं कडवं यायचंय!"

सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून बघितलं.

दुसरं कडवं आलं. तीच नायिका, तेच झाड, साडी डाळिंबी! आत्या किंचाळली, "अगं वहिनी, झाडामागे गेली तेव्हा हिरवी होती, बाहेर आली ती लाल!"

"अहो," सुषमा म्हणाली, "काय केलंत तुम्ही?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. माझी कल्पना ऐकल्यावर लोक निदान हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. आई तर टीव्हीकडेही बघत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"डोळे मिटले की दिसायची रे मला ती साडी," ती म्हणाली. "आता हीच दिसणार. हे असलं काहीतरी."

मला इतकं वाईट आयुष्यात क्वचित वाटलं असेल. गोपभाईंकडे जाताना जुनी कॉपी जपून ठेवावी एवढं साधं डोकंही मी चालवलं नव्हतं. त्याच पेनड्राइव्हवर नवी घेऊन आलो होतो! हौस एकच होती तिची, आणि तिचं मी मातेरं केलं होतं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "रिमोट कुठाय?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टीव्हीचं सेटिंग उघडलं आणि रंगाचा आकडा खाली, खाली, खाली आणत शून्यावर नेला. पडद्यावर त्यांची डाळिंबी साडी होती तेव्हा. सगळ्या सोसायटीसमोर जिंकत होते ते! पण साडी फिकी फिकी होत राखाडी झाली, गाय गायीसारखी झाली आणि नायकाची कावीळ उतरली.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "आला की नाही आपला सिनेमा?"

आईने पदराने डोळे पुसले. "पहिल्यापासून लावा," ती म्हणाली.

पहिल्यापासून लावला. यावेळी छत्री दारात अडकली आणि हॉल हसायला लागला तो शेवटपर्यंत. ज्यांनी तो कधी पाहिला नव्हता तेही हसत होते. आत्या प्रत्येक संवाद नटांच्या आधी म्हणत होती आणि कुणी तिला गप्प करत नव्हतं. नायिका 'वैद्यबुवा, माझी नाडी नाही का बघायची?' असं विचारून हात पुढे करते, तिथे तर मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या! एवढ्या जुन्या सिनेमाला आणखी काय हवं? निदान मी तरी नको होतो.

गाण्याच्या वेळी आत्या आपण होऊन बाजूच्या खुर्चीवर सरकली.

"मोरपंखी," आई पुटपुटली.

"डाळिंबी," बाबा म्हणाले.

माझ्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी सुषमाकडे झुकून म्हणालो, "बघ गं, पन्नास वर्षं झाली तरी दोघांना रंग आठवतोय! याला म्हणतात प्रेम."

सुषमा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "हो ना. आपल्या लग्नात मी कुठल्या रंगाचा शालू नेसले होते?"

मी मोरपंखी म्हणालो. मग डाळिंबी म्हणालो. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आणखी दोन-तीन रंग म्हणून पाहिले.

आमच्या लग्नाचा अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रंगीत आहे. तो कपाटात कुठे ठेवलाय तेवढं मला ठाऊक नाही, आणि जिला ठाऊक आहे तिला विचारायची आता सोय राहिलेली नाही.