ताण्याखालचा कुत्रा

कुत्रा पिसाळला असं एकदा कुणी म्हटलं की आमच्या शहरात पुढची चौकशी होत नाही. माणसाला चोर ठरवायला निदान चार माणसं बसतात, साक्षी काढतात. कुत्र्याला मान हलवण्याचा गुन्हा पुरतो. मी हे रागानं लिहितो आहे आणि तो राग आवरायचा माझा विचार नाही. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात जे मावलं नाही ते इथं सांगतो.

त्या वर्षी मी भवानी पेठेत पिण्याच्या पाण्याबद्दलची पत्रकं वाटत फिरत होतो. उकळून प्या, झाकून ठेवा, असला मजकूर. तिथल्या एका विणकरांच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. नवरा गेलेला, मुलगा मुंबईच्या गिरणीत, घरातला माग बंद. दुसऱ्यांच्या मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती रहाटावर भरून द्यायची. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी. मी मास्तरांच्या घरातला, म्हणून मला ‘पंतुलू’ म्हणायची. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही. मी तिला अव्वा म्हणायचो.

तिच्या रहाटाशेजारी एक तांबूस कुत्रा बसलेला असे. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे कान उभे, याचे मात्र लांब आणि लोंबते. कुण्या साहेबाच्या बंगल्यावरून आलेली देणगी असावी. अव्वा म्हणे, “लाट साहेबाचा पाव्हणा हाय. भाकरी न्हाय खात, ताक घातल्याशिवाय.”

एकदा मी गेलो तर कुत्रा दाराच्या कडीला दोरीनं बांधलेला होता. मान एका बाजूला कललेली. सारखा डोकं झटकत होता, मधेच स्वतःभोवती वेडावाकडा फिरत होता. अव्वाचा रहाट थांबला होता.

“त्याला मारणार हायत,” ती म्हणाली.

झालं होतं ते असं. सकाळी गल्लीत ताणा लावला होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मागावर चढवण्याआधी उभं सूत रस्त्यावर लांबच्या लांब ताणतात, त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं मोठे कुंचे फिरवत चालतात. कुत्रा झोकांड्या खात त्या ताण्यात शिरला. बरेच धागे तुटले. एकानं त्याचं डोकं धरून बाजूला ओढलं, तेव्हा तो त्याच्यावर गुरगुरला आणि दात दाखवले. दात लागले नाहीत. पण गल्लीच्या पंचानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, कुत्रा पिसाळलाय. पुढच्या बाजारानंतर कुत्री मारणाऱ्या माणसाला बोलवायचं, तोवर बांधून ठेवायचा.

मी तरातरा पंचाकडे गेलो. तो आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मी त्याला क्रौर्य, अज्ञान आणि मुक्या जिवांचे हक्क यांवर जे काही येत होतं ते सगळं ऐकवलं. त्यानं धोटा थांबवला नाही.

“झालं?” तो म्हणाला. “माझ्या बहिणीचं पोरगं गेल्या उन्हाळ्यात असल्याच एका कुत्र्यानं गेलं. पाण्याचा पेला बघून ओरडायचं ते. तुमच्या कागदात त्याचं काय लिवलंय का?”

त्याचा निर्णय मला तेव्हाही चूक वाटत होता. भीती मात्र खोटी नव्हती.

मग शेवटी मनात आलं की भांडण्याआधी कुत्रा कुणाला तरी दाखवावा. त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि अव्वा नि मी जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. टांगेवाल्यानं कुत्रा पाहून घोडा वळवला, तेव्हा चालतच. वाटेत माणसं अशी बाजूला होत होती की नव्या पेठेतून मी त्या दिवशी जितका ऐसपैस चाललो तितका पुन्हा कधी चाललो नाही.

तिथले डॉक्टर कंटाळलेले गृहस्थ होते. पंच काय म्हणाला ते ऐकून त्यांनी आधी कुत्र्यापुढे पाणी ठेवायला लावलं, लांबून बराच वेळ निरखलं. मग जवळ येऊन लोंबता कान उलटा केला. वास असा आला की मी मागं सरलो.

“तुमच्या पंचांना सांगा, याचा कान सडलाय,” ते म्हणाले. “ठणकतोय म्हणून डोकं झटकतो, आतून सुजलाय म्हणून तोल जातो. डोकं धरलंत तर तुम्हीसुद्धा चावाल. तरी बांधून ठेवा, नजर ठेवा. आत काय घातलंय?”

अव्वा म्हणाली, “तेल की. लसूण तडतडवून, कोमट करून, रोज सांजच्याला. पोराचा कान मी तसाच बरा केला.”

“पोराचा कान उघडा असतो, बाई. ह्याच्यावर झाकण आहे. ओल आत कोंडते, वर तुम्ही तेल ओतता. तेल बंद.”

मग त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहितो, कारण कुणाच्या तरी कामाला येईल. पाणी उकळून त्यात बोरिक पावडर विरघळवायची आणि कोमट होऊ द्यायचं. कापूस त्यात भिजवून, पिळून, डोळ्यांना दिसतो तेवढाच कान पुसायचा. काडी, पीन, बोट आत घालायचं नाही. पुसून झालं की कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं, तो आपली घाण आपण बाहेर काढतो. मग कोरड्या कापसानं टिपायचं आणि कानाची पाळी थोडा वेळ डोक्यावर उलटी धरून वारा लागू द्यायचा. आंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. रक्त आलं किंवा तोल आणखी गेला, तर घरचे उपाय थांबवून परत आणायचं.

मी धरायचो आणि अव्वा पुसायची. पहिल्या दिवशी कुत्र्यानं नखांनी माझा सदरा फाडला. अव्वा त्याच्याशी तेलुगूत बोलायची आणि माझ्याशी मराठीत, आणि शिव्या मात्र मलाच. “पंतुलू, तू भाषणं करतो तसं धरू नको. आईनं धरल्यावानी धर.” हळूहळू तो पट्टीशिवाय बसू लागला. वास कमी झाला. मान जरा सरळ झाली. मी मनातल्या मनात पंचाविरुद्धच्या पत्रकाचा मथळा ठरवून टाकला.

आणि बाजाराच्या आदल्या दिवशी कान पुन्हा वाहू लागला. मान पुन्हा कलली. अव्वानं कुत्रा मांडीवर घेतला होता. मला डॉक्टरचा राग आला, बोरिकचा आला, देवाचाही आला. मी म्हणालो, औषधच भेसळीचं असणार, मी त्या दुकानदाराला सोडणार नाही.

“गप बस,” ती म्हणाली.

तिनं कान पुसून टाकलेला, वाळलेला कापूस अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला. पुन्हा चोळला. आयुष्यभर सूत हाताळलेली ती बोटं. मग माझ्या हातात दिला. कापूस कडक झाला होता, कांजी केलेल्या धोतरासारखा.

“खळ हाय ही,” ती म्हणाली.

आम्ही दोघं दारातून बाहेर बघत राहिलो. सकाळचा ताणा अजून रस्त्यावर होता, सुतावरून खळ थेंब थेंब गळत होती आणि खाली सावलीची लांब पट्टी पडली होती. गल्लीतली गार जागा तेवढीच. त्या सकाळी कुत्रा बरा दिसतो म्हणून अव्वानं दोरी लांब सोडली होती, आणि तो सवयीनं तिथंच जाऊन कुशीवर पडला होता. ओघळलेली खळ चाटायची, गारव्याला झोपायचं, आणि वरून कानात ठिबकत राहायचं. पिठाची खळ, ती आंबणारच. वर अव्वाचं तेल. सगळी गल्ली रोज त्याच्या अंगावरून कुंचे घेऊन जात होती आणि कुणाला, मलासुद्धा, त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या दिवशी अव्वानं कान दोनदा पुसला आणि कुत्रा बंद मागाच्या खोलीत ठेवला. बाजार झाला. दुसऱ्या दिवशी पंच आला. त्याच्यामागे काठी घेतलेला एक माणूस.

मी भाषणाला तोंड उघडलं, पण अव्वा पुढं झाली. “अन्ना, आधी वास घे,” असं म्हणून तिनं कान उलटा केला. मग वाळलेला कापूस त्याच्या तळहातावर ठेवला. तो विणकर होता. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं तो चोळला, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा चोळला.

“पाणी पितो?” त्यानं विचारलं.

अव्वानं वाटी ठेवली. कुत्रा चपचप पाणी प्याला. पंच त्या वाटीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. तो काय आठवत होता ते आम्हाला ठाऊक होतं.

मग त्यानं काठीवाल्याला जायला सांगितलं. “तरी बांधूनच ठेव, अक्का. पोरं हायत गल्लीत.”

“ठेवते की.”

जाता जाता तो म्हणाला, “ताण्याखाली दिसला तर मी स्वतः हाकलीन.”

कुत्रा जगला. एका कानानं थोडा बहिरा झाला, पण जगला. सकाळी गल्लीत कुंचे निघाले की अव्वा त्याला आत घेते, आणि खळीची पाजणी आटोपून रस्ता वाळला की पदराच्या टोकानं त्याचे कान टिपून बाहेर सोडते. पंच ताण्याच्या खाली वाकून पाहतो, मग काम सुरू करतो.

माझं पत्रक मी तिला वाचून दाखवलं. ती कांडी भरता भरता ऐकत होती.

“शिव्या लई हायत,” ती म्हणाली. “कान कुटं हाय?”

मी पत्रक पुन्हा लिहिलं. कान वर घेतला. शिव्या काढल्या नाहीत, खाली ठेवल्या.