तीनच्या पुढे

शनिवारी माजिवड्याला आमचा कॉलेजचा बँड पंचवीस वर्षांनी पुन्हा वाजवणार होता, आणि माझ्या गिटारमधून जुन्या रॉकचा तो भरदार, किंचित फाटलेला आवाज काही केल्या निघत नव्हता. तारांखालचे, त्यांचा आवाज पकडणारे पिकअपच बदलायचे ठरवून, तीन पर्यायांची यादी घेऊन मी डोंबिवलीतल्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो.

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. बसल्याबसल्या त्याचा पाय सारखा हलत होता. माझी यादी त्याने न वाचताच चहाच्या ग्लासाखाली सरकवली आणि गिटार स्पीकरला जोडून तिच्यावरचं आवाजाचं बटण फिरवलं. तीनच्या आकड्यापर्यंत ते निमूट फिरलं. पुढे नुसती खरखर.

“याच्या पुढे कधी नेलंच नाही ना? फ्लॅटमध्ये राहता?”

“खालचे काका तक्रार करतात.”

“मग साहेब, पिकअप बिचारा काय करणार? तुम्ही त्याला कुजबुजायलाच लावलंय.”

त्याने बटण साफ केलं, दहावर नेलं आणि म्हणाला, “हाणा आता.”

भिंतीवरच्या गिटारीही थरथरल्या. हाच तो आवाज! तरी माझा हात सवयीने बटणाकडे गेला. त्याने बटणावर तळवा ठेवला.

खालचे काका तीन वर्षांपूर्वीच पुण्याला राहायला गेलेत, हे मला तेव्हा आठवलं.